रुद्रप्पांचा रोजचा पाहुणा

रुद्रप्पा अज्जा गेले त्याला आता वर्ष होत आलं. गेले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स लागला होता. मध्ये अज्जांचा फोटो आणि भोवती गल्लीतल्या सगळ्या भावी नगरसेवकांचे फोटो, त्यामुळे यातलं नेमकं वारलंय कोण हे परक्या माणसाला कळायला जरा वेळ लागायचा. संध्याकाळी शोकसभा झाली. कष्टाळू, श्रद्धाळू, दानशूर असे ठेवणीतले शब्द वापरून संपल्यावर एका वक्त्यानं आवाज चढवला, "रुद्रप्पांच्या दारातून कधी कुणी उपाशी गेलं नाही!" लोकांनी माना डोलावल्या. सून दाक्षायणी तेव्हाही आत सभेसाठी चहाच गाळत होती. गाळणी आपटून ती म्हणाली, "दारातनं न्हाई गेलं, बरोबर हाय. दाराच्या आत हुतो की आमी उपाशी."

यात खोटं काही नव्हतं.

अज्जा तरुणपणी अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून चालत सोलापूरला आले. सकाळपासून काम शोधत हिंडले आणि दुपारी उन्हात एका घराच्या ओट्यावर सावलीला टेकले. त्या घरातल्या म्हातारीनं ओळख ना पाळख, हात धुवायला पाणी दिलं आणि भाकरी-आमटी वाढली. तिचं नाव विचारायचं अज्जांना सुचलं नाही. जेवून उठले ते थेट सिद्धेश्वराच्या देवळात गेले आणि बोलून बसले, की माझं बिऱ्हाड होईल त्या दिवसापासून रोज दुपारी एक तरी परका माणूस जेवल्याशिवाय माझ्या घरात कुणी घास घेणार नाही. जुन्या लिंगायत घरांत कायक आणि दासोह हे दोन शब्द लहानपणीच कानावर पडतात. कायक म्हणजे स्वतःच्या हातानं राबून मिळवायचं, आणि दासोह म्हणजे मिळवलेलं दुसऱ्याच्या ताटात वाढायचं. अज्जांनी दोन्ही शब्द मनावर घेतले. या दोन्हींच्या मध्ये स्वयंपाक नावाची एक गोष्ट येते, ती त्यांनी बायकांवर सोपवली. नवस बोलले अज्जा. तो फेडला आधी त्यांच्या बायकोनं, चन्नम्मानं, आणि ती गेल्यावर सुनेनं.

कायकाबद्दल मात्र कुणी बोट दाखवू शकलं नसतं. अज्जा पत्र्याच्या पेट्या करायचे. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. उजाडायच्या आत हातोडी सुरू व्हायची, त्यामुळे गल्लीत कुणाला गजराचं घड्याळ घ्यावं लागलं नाही आणि कुणाची साखरझोपही झाली नाही. पत्रा कापायचा, वाकवायचा, कोपरे ठोकायचे, कडी लावायची, हिरवा रंग द्यायचा आणि वर एक कमळ काढायचं. कमळ कायम कोबीसारखं दिसायचं, पण ते सांगायची कुणाची छाती नव्हती. पुढं लोकांच्या घरात लोखंडी कपाटं आली, मग प्लायवुडची आली, आणि पेटी फक्त सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत खेड्यातली माणसं घेऊ लागली. अज्जांना याचं सोयरसुतक नव्हतं. गिऱ्हाईक येवो न येवो, हात चालला पाहिजे. न खपलेल्या पेट्या घरात येत गेल्या. त्या घरात पलंग कधी आलाच नाही. चार पेट्या जोडल्या की पलंग, दोन जोडल्या की बाक. नात भुवनेश्वरी अभ्यासाला बसायची तीही पेटीवर आणि वह्या ठेवायची त्याही पेटीवर.

मुलगा श्रीशैल दुकानात बसेल असं अज्जांना वाटलं होतं. त्याला बसायचंच होतं, पण पतसंस्थेत. ते काम त्याला उत्तम जमलं. नोकरीचा एक मोठा फायदा त्यानं कधी कुणाला बोलून दाखवला नाही: डबा ऑफिसात उघडायचा, आणि नवस उंबऱ्याच्या आत होता.

दाक्षायणी मंगळवेढ्याची. तिकडं जोंधळा घरात पोत्यानं असतो आणि भूक लागली की माणूस जेवतो, इतका साधा हिशेब. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी तिनं सगळा स्वयंपाक उरकला, भाकऱ्यांची चळत बुट्टीत रचली आणि वाट बघत बसली. कुणी पानावर बसेना. घरात कुणीतरी गेलंय आणि नव्या सुनेला सांगत नाहीत, असंच तिला आधी वाटलं. बऱ्याच वेळानं अज्जा उन्हातून आले ते एका छत्र्या दुरुस्त करणाऱ्याला हाताला धरून. त्या गृहस्थानं सकाळपासून छत्री बघितली नसावी आणि भाकरी तर आठवडाभर बघितली नसावी. तो जेवत राहिला, अज्जा "घ्या की, लाजू नका" म्हणत राहिले, आणि दाक्षायणी दाराआडून बुट्टीची चळत उतरताना बघत राहिली. पाहुणा उठला, अज्जा जेवले, आणि नव्या नवरीच्या वाट्याला एक भाकरी आणि आमटीच्या तळाचं खोबरं आलं.

"रोज असंच असतंय?" तिनं रात्री नवऱ्याला विचारलं.

"हळूहळू सवय हुती," श्रीशैल म्हणाला. तो डबा खाऊन आला होता.

सवय झाली. पाहुणे शोधायचं काम अज्जांचं. बारा वाजले की हातोडी खाली ठेवायची, कपाळाला भस्म लावायचं आणि रस्त्यावर जायचं. पूर्वी सोपं होतं. बोहारीण, कल्हईवाला, गावाहून दवाखान्यात आलेली माणसं, वाट चुकलेले, खिसा कापला गेलेले. सोलापुरात भुकेल्या माणसाला कधी तोटा नव्हता. पुढं पुढं मात्र जग सुधारलं. सुधारलेल्या जगात फुकट जेवायला घालणाऱ्या माणसाकडं लोक संशयानं बघतात. लाइटचं मीटर बघायला आलेल्याला अज्जांनी हात धरून पाटावर बसवलं, तर तो पहिल्या घासाला म्हणाला, "काका, रीडिंग कमी होणार नाही हं, आधीच सांगतो." विमा एजंटानं जेवता जेवता घरातल्या सगळ्यांची वयं विचारून घेतली आणि पुढं वर्षभर पिच्छा पुरवला. निवडणुकीत मतं मागायला आलेले पाच जण जेवले, स्वतःच्याच पत्रकांना हात पुसले, आणि निवडून आल्यावर त्या गल्लीकडं फिरकले नाहीत. एकदा अज्जांनी शेजारच्यांचा पिझ्झा घेऊन आलेल्या माणसालाच आत ओढलं. तो बिचारा घाईत दोन भाकऱ्या, वांग्याची भाजी आणि शेंगाचटणी खाऊन समाधानानं गेला; शेजाऱ्यांना पिझ्झा गार मिळाला आणि त्यांनी अज्जांशी बरेच दिवस अबोला धरला.

प्रत्येक पाहुण्याला अज्जा स्वतः वाढायचे, ही त्यांची निष्ठा. म्हणजे दाक्षायणीनं उंबऱ्यापर्यंत आणून द्यायचं आणि अज्जांनी तिथून पुढं चार पावलं न्यायचं. पुण्य त्या चार पावलांत होतं.

मग अज्जांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी बजावलं, गोळी वेळेवर आणि गोळीवर जेवणही वेळेवर, नाहीतर साखर एकदम खाली येईल आणि माणूस जाग्यावर आडवा होईल. अज्जांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गोळी घेतो की," ते म्हणाले, "पर जेवनाचं माज्या हातात न्हाई. ते पावण्याच्या हातात हाय." डॉक्टरांना वाटलं म्हातारा अध्यात्मात बोलतोय. पंधरवड्यातच एका दुपारी दोन वाजून गेले तरी पाहुणा मिळेना, आणि अज्जा हातोडीसकट पेट्यांच्या मध्ये कोसळले. त्या आवाजानं दाक्षायणी धावत आली. तोंडात साखर कोंबून, चेहऱ्यावर पाणी मारून तिनं त्यांना शुद्धीवर आणलं. डोळे उघडल्यावर अज्जांनी पहिला प्रश्न विचारला, "कुनी आलं का?"

त्या दिवशी दाक्षायणी घाबरली, खरोखर घाबरली. इतकी वर्षं ज्या माणसाच्या नावानं ती चुलीपुढं बोटं मोडत होती, तो माणूस डोळ्यांदेखत जाईल आणि तोही तिच्या भाकऱ्या बुट्टीत असताना, हे तिला सोसवेना. आणि मग जे घडलं ते बघून पाहुण्यांना शिव्या घालण्यात घालवलेल्या तिच्या सगळ्या दुपारी हसल्या असत्या. ती स्वतःच पाहुणे शोधायला निघाली.

मागच्या गल्लीतल्या सावित्रम्माला तिनं विश्वासात घेतलं. सावित्रम्माचा दीर धुळाप्पा गिरणीतलं काम सुटून घरी बसलेला. "त्याला जेवायचंच काम हाय," सावित्रम्मा म्हणाली. ठरलं असं की धुळाप्पानं रोज साडेबाराला यायचं, कुणातरी देशपांड्यांचा पत्ता विचारायचा, आणि बाकीचं अज्जा बघून घेतील. पहिले काही दिवस सुरळीत गेले. मग एकदा पाट पुढं सरकवत अज्जा म्हणाले, "धुळाप्पा, येवढ्या दिसात तुला देशपांडे घावले न्हाईत?"

"घावले हुते की अज्जा," भाकरी मोडत धुळाप्पा म्हणाला. "परत हारवले."

अज्जांना कळलं असावं. पण पाहुणा खरा की पढवलेला, याबद्दल नवसात काही म्हटलेलं नव्हतं, आणि म्हातारी माणसं सोयीचा कायदा नीट पाळतात. दाक्षायणीनं धुळाप्पाच्या जोडीला आणखी दोघांना तयार केलं आणि अज्जांच्या गोळीमागं जेवणही वेळेवर पोटात जाऊ लागलं. सगळं मार्गी लागलं असं वाटलं, तेवढ्यात जग बंद झालं.

लॉकडाऊनची पहिली दुपार अज्जांनी दारात उभं राहून काढली. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कोपऱ्यावरच्या पोलिसाला त्यांनी हात जोडून जेवायला बोलावलं, तर त्यानं काठी दाखवून आत जायला सांगितलं. औषध फवारायला आलेल्या एका माणसानं ओट्यावर बसून दोन घास खाल्ले म्हणून तो दिवस निभावला. नंतर कधी दूधवाला, कधी रेशन वाटणारे, असं करत दिवस निघत होते. मग गल्लीत एक पेशंट सापडला, आणि सकाळी सकाळी माणसं आली, गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू रोवले आणि पत्रे ठोकले. आवाज ऐकून अज्जा बाहेर आले. जन्मभर ज्या पत्र्याची चाकरी केली, त्यानंच आता पाहुण्याची वाट अडवली होती. "खिळं वाकडं मारलेत," एवढंच ते म्हणाले आणि आत येऊन बसले. गोळी त्यांनी नेमानं घेतली होती.

दुपार झाली. पतसंस्था लॉकडाऊनमध्येही चालू होती, पण आज गल्लीच बंद, त्यामुळे घरात चौघंही होते, आणि श्रीशैलला लग्नानंतर पहिल्यांदा कामाच्या दिवशी घरची दुपार बघायला मिळाली. एक वाजला तशी त्याची भूक खवळली आणि बापाबद्दलची काळजीही.

"अप्पा, संकटात सगळं माफ असतंय. जेवा गप."

"संकट गल्लीवर हाय. माज्या भुकेवर न्हाई."

श्रीशैलनं मठातल्या स्वामींना फोन लावला. स्वामी म्हणाले, अशा वेळी परमेश्वरालाच अतिथी मानावं. अज्जांनी फोनला नमस्कार केला. "देव आला तर वाढतो की. मी कुटं न्हाई म्हनतोय? येऊ दे त्याला." भुवनेश्वरीनं डोकं लढवलं: धुळाप्पाला व्हिडिओ कॉल करू, तो त्याच्या घरी जेवेल, अज्जा बघतील. अज्जांनी विचार केला, कारण नातीवर त्यांचा जीव होता. मग म्हणाले, "बाळ, त्यानं त्याचंच खाल्लं, तर मी काय वाढलं?" पेशंटच्या धास्तीनं शेजारी दार उघडायला तयार नव्हते; गाय, कुत्रा, कावळा हे सगळे मार्ग सुचवून झाले. कावळा तर समोर पत्र्यावरच बसला होता. अज्जा म्हणाले, कावळ्याला पाटावर बसवून दाखवा.

दोन वाजून गेले. अज्जांच्या कपाळावर घाम दिसू लागला. गुडघ्यावरचे हात थरथरायला लागले होते आणि ते दिसू नयेत म्हणून त्यांनी एकात एक गुंतवून धरले. साखर घ्या म्हटलं तर ओठ मिटले. श्रीशैल ओरडला. भुवनेश्वरी रडायला लागली. दाक्षायणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त संताप आला होता. म्हाताऱ्यावर, नवऱ्यावर, त्या नाव न विचारलेल्या म्हातारीवर, आणि सकाळपासून कोरड्या असलेल्या स्वतःच्या पोटावर.

ती पुढं आली. भिंतीला लावलेला पाट तिनं धाडकन खाली टाकला आणि त्यावर मांडी घालून बसली.

"मामा, पावणी आलीया. वाढा."

अज्जांनी वर बघितलं. "कोन?"

"मी. मंगळवेढ्याची हाय. सकाळपासनं पोटात अन्नाचा कण न्हाई."

"तू घरची हाईस की गं."

"घरची?" दाक्षायणीचा आवाज चढला. "मग घरच्यांच्या पंगतीला मी कवा बसले, सांगा बरं. ह्या घरात मी जल्मले न्हाई, तुमीच आनलं मला. आल्यापासनं तुमच्या हातनं सगळं सोलापूर जेवलं. मीटरवाला जेवला. इमावाला जेवला. मला कुनी कवा ताट वाढून दिलं? माज्यापरीस परकं माणूस ह्या गल्लीत दुसरं कोन हाय? असलं तर आना जावा. न्हाईतर वाढा."

श्रीशैलनं जमिनीकडं बघायला सुरुवात केली. त्यात तो पटाईत होता. अज्जा सुनेकडं बघत राहिले. मग पेटीला धरून उठले, भिंतीचा आधार घेत आत गेले, आणि तांब्याभर पाणी घेऊन आले. दाक्षायणीनं हात पुढं केले. त्यांच्या थरथरत्या हातानं निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं.

मग त्यांना ताट सापडेना. ताट सापडलं तर वाटी सापडेना. जन्मभर दासोह केलेल्या माणसाला आपल्या घरात मीठ कुठं असतं हे ठाऊक नव्हतं. त्यांनी हळदीचा डबा उघडला, पोह्यांचा उघडला, कसला तरी रिकामाच उघडून आत वाकून बघितलं. भुवनेश्वरी उठायला लागली तशी दाक्षायणीनं तिला डोळ्यांनीच बसवलं. स्वतःही काही सांगितलं नाही. एकीकडं म्हाताऱ्याचा घाम बघून तिचं काळीज तुटत होतं, आणि दुसरीकडं ज्या चार पावलांचं पुण्य असतं त्याच्या आधी किती पावलं असतात ते त्यांना एकदा कळावं असंही वाटत होतं. पण जास्त वेळ ताणून धरणं तिला परवडणार नव्हतं.

"मिठाचं ऱ्हाऊ द्या मामा. भाकरी घाला बिगी बिगी."

भाकरी आली, वाटीतून डुचमळत आमटी आली, चटणी आली. अज्जा समोर ओणवे उभे राहिले, प्रत्येक पाहुण्यापुढं राहायचे तसेच. दाक्षायणीनं पहिला घास घेतला. लग्नानंतर पहिल्यांदा ती या घरात सगळ्यांच्या आधी जेवत होती. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. तिला त्याचा फार राग आला, कारण आज तिला फक्त भांडायचं होतं.

"घ्या की," अज्जा म्हणाले. "लाजू नका."

"मी लाजत न्हाई. तुमी बसा आता. पावणीचं ऐकत न्हाईत काय ह्या घरात?"

तिनंच आपल्या शेजारी जागा केली. तिनं घाईनं भाकरी संपवली, पोट भरलं म्हणून सांगितलं, आणि अज्जांच्या हातात घास दिला. त्यांनी खाल्लं. थोड्या वेळानं हातांची थरथर थांबली.

गल्लीवरचे पत्रे निघेपर्यंत रोज दुपारी हेच चाललं. बारा वाजले की अज्जा भस्म लावायचे आणि रस्त्याऐवजी स्वयंपाकघरात जायचे. मीठ कुठं असतं ते तिसऱ्या दिवशी पाठ झालं. मग त्यांना एकेक शोध लागायला लागले. चुलीपुढं गरम होतं हा एक. आमटी दोनदा गरम केली की खारट लागते हा दुसरा. बुट्टीत शेवटी राहिलेली भाकरी चामड्यासारखी असते, हा शोध लागला त्या दिवशी ती भाकरी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.

आणि एके सकाळी पत्रे निघाले. बारा वाजता अज्जा घाईघाईनं बाहेर पडले आणि पत्रे काढणाऱ्यांपैकीच एकाला घेऊन आले. उन्हानं रापलेला, भुकेला, खराखुरा परका माणूस. दाक्षायणी पाटावर बसायच्या बेतात होती, ती उठली आणि आत गेली. चला, आपला पाहुणचार संपला, असं ती स्वतःशीच म्हणाली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. तिनं सवयीनं ताट वाढलं आणि उंबऱ्यापर्यंत आणलं.

बाहेर दोन पाट मांडले होते. एकावर पाहुणा बसला होता, दुसरा रिकामा होता. पलीकडं श्रीशैल आणि भुवनेश्वरी भुकेल्या तोंडानं उभे होते.

अज्जांनी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि पाहुण्यापुढं ठेवलं. त्यानं लगेच भाकरीला हात घातला, तर अज्जांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब की जरा."

"का ओ अज्जा? लई भूक लागलीया."

"लागू दे. घरची बाई बसल्याबिगर ह्या घरात कुनी जेवत न्हाई."

असला नियम त्या घरात कधीच नव्हता. पाहुण्यानं दाक्षायणीकडं बघितलं, श्रीशैलनं बघितलं, भुवनेश्वरीनं बघितलं. दाक्षायणीनं पदराला हात पुसले. मग मोरीवर जाऊन ते मुद्दाम पुन्हा धुतले, सावकाश, कोपरापर्यंत, आणि येऊन पाटावर बसली.

"वाढा आता," ती म्हणाली.